उसातली साखर प्रकाशाने मोजता येते, मग रक्तातली का नाही? लेझरने शुगर मोजण्याचा विषय नेमका कुठे अडलाय

आठवड्यातून एकदा तरी हे रील समोर येतंच. बोटाला एक क्लिप लावायची किंवा मनगटावर घड्याळ बांधायचं. लाल-हिरवा लाईट लागतो आणि स्क्रीनवर आकडा येतो, शुगर १०८. सुई नाही, रक्त नाही, स्ट्रिप नाही. खाली ऑफर असते, हजार-दोन हजारात घरपोच. आणि कमेंटमध्ये ठरलेला प्रश्न, "आप्पांसाठी घेऊ का?"

उत्तर आधीच सांगून टाकू. घेऊ नका.

पण म्हणून प्रकाशाने शुगर मोजणं ही निव्वळ थाप आहे असंही नाही. अमेरिकेतल्या एमआयटीपासून बंगळुरूच्या आयआयएससीपर्यंत चांगले शास्त्रज्ञ यावर काम करतायत. लॅबमध्ये त्यांना यशही येतंय. मग घोडं अडलंय कुठे? हे समजून घ्यायला बंगळुरूला जायची गरज नाही. आपल्या बारामती-इंदापूरच्या साखर कारखान्यात गेलं तरी पुरे.

कारखान्याच्या लॅबमध्ये साखर प्रकाशानेच मोजतात

माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरचा छत्रपती कारखाना. यातल्या कुठल्याही कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला 'ब्रिक्स' हा शब्द माहीत असतो. ऊस तोडणीला आला का बघायचं असेल तर रसाचे दोन थेंब हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकायचे, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आतल्या पट्टीवर १८, २० असा आकडा दिसतो. रसात विरघळलेले पदार्थ जितके जास्त, तितका प्रकाश जास्त वाकतो. यंत्र फक्त हा वाक मोजतं.

पण ब्रिक्समध्ये साखरेबरोबर रसातले बाकीचे क्षारही धरले जातात. नुसती साखर किती हे बघायला लॅबमध्ये दुसरं यंत्र असतं, पोलारीमीटर. त्यातून येणारा आकडा म्हणजे 'पोल'. हे यंत्र कसं चालतं ते नीट बघू, कारण पुढचा सगळा विषय त्यावर आहे.

साध्या प्रकाशाच्या लाटा सगळ्या दिशांनी थरथरत असतात. एका खास फिल्टरमधून सोडला की एकाच दिशेने थरथरणाऱ्या लाटा पलीकडे जातात. याला ध्रुवीकृत प्रकाश म्हणतात. असा प्रकाश साखरेच्या पाण्यातून गेला की थरथरण्याची दिशा थोडी फिरते, जणू कुणी स्क्रू पिळल्यासारखी. साखर जास्त तर पीळ जास्त. १८१५ च्या सुमारास झां-बातिस्त बियो या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं. एकोणिसाव्या शतकात डायबेटिसच्या पेशंटची लघवीसुद्धा अशा यंत्रात घालून तपासली जायची, कारण डायबेटिस वाढला की साखर लघवीत उतरते.

म्हणजे प्रकाशाने साखर मोजणं हे दोनशे वर्षांचं जुनं काम आहे. रक्तातलं ग्लुकोजही एक साखरच आहे आणि तेही प्रकाशाला पीळ देतं. मग बोटातून प्रकाश सोडला की झालं की!

नाही झालं. आणि का नाही झालं, ते आकड्यांत आहे.

उसाचा रस आणि माणसाचं रक्त

पिकलेल्या उसाच्या १०० मिलीलिटर रसात साधारण १५ ते १८ ग्रॅम साखर असते. आता रक्त घ्या. उपाशीपोटी शुगर १०० आली असं आपण म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ १०० मिलीलिटर रक्तात १०० मिलीग्रॅम, म्हणजे एक दशांश ग्रॅम ग्लुकोज. उसाच्या रसात रक्ताच्या दीडशे ते एकशेऐंशी पट साखर असते.

अजून सोपं करू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. शुगर १०० असेल तर त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज होतं पाच ग्रॅम. म्हणजे चहाचा एक चमचा. डायबेटिस आहे की नाही हे ठरतं ते या एका चमच्याचा सव्वा चमचा होतो का यावर. कारण उपाशीपोटी १२६ आणि त्यावर शुगर आली, आणि पुन्हा केलेल्या तपासणीतही तसंच आलं, की डायबेटिस धरतात.

आता पीळ किती पडतो ते बघा. १०० मिलीलिटरला १८ ग्रॅम साखर असलेला रस पोलारीमीटरच्या २० सेंटिमीटर लांब नळीत भरला तर प्रकाश साधारण २४ अंशांनी फिरतो. घड्याळाचा मिनिटकाटा चार मिनिटांत जेवढा सरकतो तेवढा. शुगर १०० असलेल्या द्रवाचा एक सेंटिमीटर जाडीचा थर घेतला, तर प्रकाश फिरतो ०.००५ अंश. म्हणजे एका अंशाचा दोनशेवा भाग.

बरं, रस यंत्रात घालायच्या आधी गाळतात, रसायन टाकून त्यातला गढूळपणा खाली बसवतात आणि वरचा नितळ रस घेतात. गढूळ रसातून पोल निघत नाही. माणसाचं बोट नितळ कसं करणार? कातडी, चरबी, स्नायू, रक्तपेशी हे सगळं प्रकाशासाठी दाट धुक्यासारखं असतं. आत शिरलेला प्रकाश इतक्या वेळा इकडेतिकडे आपटतो की मिलीमीटरभर आत जाईपर्यंत त्याची मूळ दिशा पार विस्कटून जाते. त्यातून ०.००५ अंशाचा पीळ शोधायचा आहे.

शिवाय बोट गार आहे की गरम, घाम आलाय का, क्लिप किती घट्ट बसलीय, कातडीचा रंग काय, या प्रत्येक गोष्टीने सिग्नल बदलतो. आणि हे बदल ग्लुकोजमुळे होणाऱ्या बदलापेक्षा कितीतरी मोठे असतात. बाजार समितीत लिलाव चालू असताना कोपऱ्यात कुणी पुटपुटलेलं ऐकण्यासारखं हे काम आहे.

मग ऑक्सिमीटर कसा चालतो?

हा प्रश्न हमखास येतो. कोविडमध्ये घरोघरी ऑक्सिमीटर आले. तोही बोटाला लावायचा, त्यातही लाईट, आणि तो चालतो. मग शुगरचा का नको?

कारण ऑक्सिमीटर हिमोग्लोबिन बघतो. १०० मिलीलिटर रक्तात हिमोग्लोबिन असतं १२ ते १५ ग्रॅम, म्हणजे ग्लुकोजच्या शंभर पटीहून जास्त. दुसरं म्हणजे हिमोग्लोबिनला रंग असतो. ऑक्सिजन घेतला की ते लालभडक होतं, सोडला की काळपट होतं. लाल आणि इन्फ्रारेड अशा दोन प्रकाशांत हा फरक लगेच पकडता येतो.

ग्लुकोजला रंगच नाही. साखर पाण्यात विरघळली की पाणी तसंच नितळ दिसतं. रीलमधल्या क्लिपचा लाल-हिरवा लाईट ज्या रंगांत बघतो, तिथे ग्लुकोजची स्वतःची अशी ओळखच नसते.

आणि इतक्या सोप्या कामातही ऑक्सिमीटर चुकतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं की काळ्या वर्णाच्या पेशंटमध्ये ऑक्सिजन खरोखर कमी झालेला असताना ऑक्सिमीटर तो ठीक दाखवण्याचं प्रमाण जास्त होतं. उन्हातान्हात राबणाऱ्या आपल्या माणसांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. नवीन यंत्र गोऱ्या कातडीवर चाललं म्हणजे आपल्याकडे चालेलच असं नाही.

लेझर काय वेगळं करतो?

बल्बच्या प्रकाशात सगळे रंग मिसळलेले असतात. लेझरमध्ये एकच ठरलेली तरंगलांबी असते, तो एका बारीक जागी रोखता येतो आणि हवा तेवढ्या छोट्या झटक्यात सोडता येतो. त्यामुळे गर्दीतून ग्लुकोजचा आवाज वेगळा काढायची शक्यता वाढते. यावर तीन मुख्य वाटांनी काम चालू आहे.

पहिली वाट, रामन. सर सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ ला लावलेला शोध. आपण त्या तारखेला विज्ञान दिन साजरा करतो तो यामुळेच. प्रकाश रेणूवर आपटला की बहुतेक सगळा जसाच्या तसा परत येतो. पण कोटीत एखादा कण रंग किंचित बदलून येतो. तो बदल प्रत्येक रेणूचा वेगळा असतो, बोटाच्या ठशासारखा. ग्लुकोजचाही असा ठसा आहे.

एमआयटीतले संशोधक कित्येक वर्षं याच ठशाच्या मागे आहेत. २०२० मध्ये त्यांनी जिवंत डुकरांच्या कातडीतून ग्लुकोजचा ठसा थेट पकडल्याचं जाहीर केलं. त्यासाठी लेझर सरळ न टाकता तिरका टाकला, म्हणजे कातडीच्या वरच्या थराचा गोंगाट कमी येतो. मग २०२५ च्या शेवटी त्यांनी बुटांच्या खोक्याएवढं यंत्र दाखवलं. पूर्ण ठसा वाचण्याऐवजी ते फक्त तीनच पट्टे वाचतं, एक ग्लुकोजचा आणि दोन आजूबाजूच्या गोंगाटाचे. एका निरोगी माणसाला ग्लुकोजचं पाणी पाजून काही तास मोजमाप केलं, तेव्हा आकडे बाजारातल्या सेन्सरच्या जवळपास आले. पण लक्षात घ्या, एक माणूस, आणि तोही निरोगी.

दुसरी वाट, आवाज. लेझरचा अगदी छोटा झटका दिला की आतला भाग किंचित तापतो, फुगतो आणि बारीक आवाज करतो. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी प्रकाशातून आवाज निघतो हे १८८० मध्येच बघितलं होतं. याचा फायदा असा की प्रकाश धुक्यात विस्कटतो, पण आवाज फारसा विस्कटत नाही.

बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये प्रा. जया प्रकाश आणि सहकाऱ्यांनी हीच युक्ती कारखान्यातल्या पोलारीमीटरच्या तत्त्वाशी जोडली. लेझरचा प्रकाश ध्रुवीकृत करून सोडायचा. ग्लुकोज त्याला पीळ देणार. पीळ बदलला की निघणाऱ्या आवाजाची ताकद बदलणार. म्हणजे पीळ प्रकाशाचा, पण मोजायचा आवाजातून. पाण्यात, सीरममध्ये आणि प्राण्यांच्या मांसाच्या तुकड्यांत त्यांना चांगले आकडे मिळाले. एका निरोगी माणसावर जेवणाआधी आणि जेवणानंतर तीन दिवस मोजूनही पाहिलं. हे संशोधन २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. अडचण त्यांनीच सांगितली आहे: इतके छोटे झटके देणारा लेझर सध्या मोठा आणि महाग आहे.

तिसरी वाट, उष्णता. मध्यम इन्फ्रारेड प्रकाशात ग्लुकोजची खूण सगळ्यात ठळक असते. पण पाणी हा प्रकाश पिऊन टाकतं, त्यामुळे तो कातडीत मिलीमीटरचा छोटा भागच आत जातो. तिथे रक्तवाहिन्या फारशा नसतात, पेशींमधलं पाणी असतं. त्यातल्या ग्लुकोजने लेझर शोषला की किती उष्णता बाहेर येते ते मोजायचं. जर्मनीतली डायामॉनटेक ही कंपनी यावर काम करते.

आतापर्यंत किती जण आपटले

सुईशिवाय शुगर मोजायचं स्वप्न जुनं आहे आणि त्यात मोठमोठे लोक हरलेत. २००१ मध्ये अमेरिकेत ग्लुकोवॉच नावाच्या घड्याळाला सरकारी मान्यता मिळाली होती. त्यात लेझर नव्हता, कातडीतून बारीक करंट सोडून ग्लुकोज बाहेर ओढलं जायचं. कातडी लाल व्हायची, आग व्हायची. काही वर्षांत ते बाजारातून गेलं. २०१४ मध्ये गुगलने अश्रूंमधलं ग्लुकोज मोजणारी कॉन्टॅक्ट लेन्स जाहीर केली. २०१८ मध्ये ते काम थांबवलं, कारण अश्रूंतली शुगर आणि रक्तातली शुगर यांचा भरवशाचा मेळ बसेना.

आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सरळ इशारा दिला: कातडीला न टोचता शुगर मोजण्याचा दावा करणारी स्मार्टवॉच किंवा अंगठी वापरू नका, अशा एकाही यंत्राला आम्ही मान्यता दिलेली नाही.

एमआयटीला बुटांच्या खोक्याएवढं यंत्र लागतं, गुगलला जमलं नाही, मग दोन हजारांच्या क्लिपला ते कसं जमेल, हा साधा प्रश्न स्वतःला विचारा.

पण शेजाऱ्यांचा आकडा तर जुळला!

जुळणारच, आणि यातच खरा धोका आहे.

समजा एखाद्याची शुगर बहुतेक वेळा ९० ते १३० मध्ये असते. आता मी एक डबी बनवली, जिच्या आत काहीच नाही, ती नेहमी १०५ ते ११५ मधला कुठला तरी आकडा दाखवते. दहापैकी सात-आठ वेळा ती 'जवळपास बरोबर' वाटेल. थोडी हुशारी करून जेवणाच्या वेळेनंतर आकडा ३० ने वाढवला, तर ती अजून खरी वाटेल. काहीही न मोजता.

पण शुगर आपण मोजतो ते ११० आहे हे ऐकायला नाही. ती ५५ झाली किंवा ३२० झाली तर कळावं म्हणून मोजतो. नेमक्या त्या वेळी ही डबी ११२ दाखवणार. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला रात्री दरदरून घाम फुटलाय, हात थरथरतायत, आणि घरचे घड्याळ बघून म्हणतायत, "शुगर तर नॉर्मल आहे, झोपा." याने जीव जाऊ शकतो.

साध्या ग्लुकोमीटरला किती चुकण्याची मुभा आहे माहितीय? आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे शुगर १०० च्या खाली असेल तर १५ ने इकडेतिकडे, आणि १०० किंवा वर असेल तर १५ टक्क्यांनी. शंभरातल्या किमान ९५ मोजण्या या हद्दीत याव्या लागतात. म्हणजे खरी शुगर २५० असताना २१२ ते २८८ मधला आकडा चालतो, पण ११२ चालत नाही. क्लिप विकणाऱ्याला एवढंच विचारा: ही चाचणी कुठे केली, किती डायबेटिसच्या पेशंटवर केली? आणि पाकिटावर बारीक अक्षरात 'वैद्यकीय वापरासाठी नाही' असं लिहिलंय का ते बघा. घरात आधीच क्लिप आली असेल तर ती केळ्याला लावून बघा. केळ्याची शुगर ११० आली तर तुम्हाला उत्तर मिळालं.

हे लवकर व्हायला हवं, कारण...

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या मोठ्या पाहणीनुसार देशात डायबेटिसचे सुमारे १०.१ कोटी लोक आहेत, आणि १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर. हा फक्त शहरी, जाड, खुर्चीत बसणाऱ्यांचा आजार नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यातून पुढे आलेलं चित्र असं, की आपली बाळं जन्मतः वजनाला कमी, पण अंगात चरबीचं प्रमाण जास्त असलेली असतात. वरून बारीक दिसणाऱ्या माणसालाही शुगर निघते ती यामुळे.

म्हणजे तपासणी लाखो लोकांनी आणि वारंवार करायला हवी. पण स्ट्रिपला दरवेळी पैसे मोजावे लागतात, बोट दुखतं, म्हणून माणसं दिवसातून चारदा सोडा, महिन्यातून एकदाही तपासत नाहीत. दंडावर चिकटवायचा सेन्सर मिळतो, तो दिवसरात्र आकडे देतो, पण त्यालाही बारीक तार कातडीत जाते आणि साधारण दोन आठवड्यांच्या सेन्सरला काही हजार लागतात. न टोचता, एकदाच पैसे घालून गावातल्या आशाताईंच्या हातात देता येईल असं यंत्र आलं तर जळोचीपासून भिगवणपर्यंत कितीतरी लोकांना आजार वेळेत कळेल. म्हणून हे संशोधन महत्त्वाचं आहे. आणि म्हणूनच त्याच्या नावाखाली विकली जाणारी नकली क्लिप जास्त चीड आणते.

तोपर्यंत काय करायचं

ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप हेच आजचं भरवशाचं घरगुती साधन आहे. फक्त ते नीट वापरा. टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. ऊस सोललेला, गूळ किंवा आंबा हाताळलेला हात असेल तर बोटावरची साखरच आकडा वाढवते. बोटाच्या पेराच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, दुखतं कमी. स्ट्रिपची तारीख बघा आणि डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेने स्ट्रिप खराब होतात. आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एचबीए१सी करा, त्यातून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते.

शुगर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर लगेच १५ ग्रॅम साखर द्या, म्हणजे तीन चमचे साखर पाण्यात घालून. अर्धा ग्लास उसाचा रसही चालेल. १५ मिनिटांनी परत मोजा. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

अजून एक घोळ टाळा. 'लेझरने शुगर तपासणी' असं म्हणून लेझरने टोचणारी यंत्रंही विकली जातात. त्यात लेझर फक्त सुईचं काम करतो, बोटाला छोटं छिद्र पाडतो. मोजायला रक्त आणि स्ट्रिप लागतेच.

आणि पुढच्या वेळी 'आता सुईची गरज नाही' अशी बातमी दिसली की शेअर करण्याआधी तीन गोष्टी शोधा. किती माणसांवर तपासलं? त्यात डायबेटिसचे पेशंट होते का? शुगर खूप कमी आणि खूप जास्त असताना आकडे जुळले का? या तिन्हींची उत्तरं बातमीत सापडली, तर आप्पांसाठी नक्की विचार करा. नाही सापडली, तर तेवढ्या पैशांत स्ट्रिपच्या दोन डब्या येतात, त्या घ्या.